वारशातला हिरा विकण्यापूर्वी: किंमत कोणाकडून आणि कशी काढून घ्यायची

मावशी गेल्यानंतर तिच्या कपाटात एक छोटी डबी निघाली. आत हिऱ्याची अंगठी आणि तिच्याखाली बारीक घडी घातलेला एक कागद. विमा काढताना करून घेतलेल्या मूल्यांकनाचा कागद होता तो. त्यावरचा आकडा बघून सगळ्यांचे डोळे विस्फारले आणि वाटणीचे हिशेबही त्याच आकड्यावर सुरू झाले. आठवड्याभराने मावसभाऊ अंगठी घेऊन एका जवाहिऱ्याकडे गेला. त्याने ती अर्धा मिनिट भिंगाखाली धरली आणि कागदावरच्या रकमेच्या जेमतेम पाव हिश्श्याएवढा भाव सांगितला. घरी येऊन भाऊ म्हणाला, "एक तर हा माणूस लबाड आहे, नाहीतर मावशीला कोणीतरी फसवलं होतं."

मावशीला कोणी फसवलं नव्हतं. जवाहिऱ्याने भाव पाडून सांगितला होता हे पुढे कळलं, पण एवढ्या तफावतीचं मोठं कारण तेही नव्हतं. कागदावरचा आकडा एका प्रश्नाचं उत्तर होता आणि जवाहिऱ्याचा आकडा दुसऱ्याच प्रश्नाचं. वारशातला दागिना विकायला निघालेली बहुतेक घरं इथेच अडखळतात. माणूस गेल्याचं दुःख ताजं असतं, त्यात ही शंका येऊन बसते. म्हणून हा विषय जरा सविस्तर सांगतो.

एकाच अंगठीच्या तीन किमती

विम्यासाठी काढलेली किंमत म्हणजे, ही अंगठी उद्या हरवली तर तशीच नवी अंगठी दुकानातून घ्यायला किती पैसे लागतील, याचा अंदाज. त्यात दुकानाचं भाडं, पगार, घडणावळ, कर, नफा सगळं आलं. भरपाई कमी पडू नये म्हणून ती बहुधा सढळ हातानेच लिहिलेली असते. विकताना यातला एकही खर्च तुम्हाला परत मिळत नाही.

दुसरी किंमत म्हणजे वाजवी बाजारभाव. घेणाऱ्याला घाई नाही, विकणाऱ्यावर सक्ती नाही आणि वस्तू काय आहे हे दोघांनाही नीट ठाऊक आहे, अशा वेळी सौदा ज्या रकमेला होईल ती. भावंडांतली वाटणी आणि मालमत्तेचा हिशेब याच किमतीवर करायचा असतो. एका बहिणीचा हार विम्याच्या किमतीने धरला आणि दुसरीच्या बांगड्या मोडीच्या भावाने, तर वाटणी कागदावर बरोबर दिसेल आणि मनात कायमची सलत राहील.

तिसरी किंमत आज, आत्ता, रोख मिळणारी. ती सगळ्यात कमी, आणि त्याचं कारण साधं आहे. तुमच्या हिऱ्यासारखाच हिरा व्यापाऱ्याला घाऊक बाजारात कधीही मिळतो, अनेकदा उधारीवर. तुमचा हिरा घ्यायचा तर त्याला पदरचे पैसे अडकवावे लागतात. त्यामुळे घाऊक भावापेक्षा स्वस्त मिळाला तरच तो घेतो.

तेव्हा मूल्यांकन करून घ्यायला जाल तेव्हा पहिलं वाक्य हे असावं: "मला हे विकायचं आहे, विम्यासाठी नको." हे न सांगता गेलात तर बहुतेक ठिकाणी सवयीने विम्याचाच कागद हातात पडतो.

कागदावरची तारीखही बघा. नैसर्गिक हिऱ्यांचे भाव 2022 मध्ये चढे होते, त्यानंतर ते बरेच उतरले. प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्यांची स्पर्धा हे त्याचं एक मोठं कारण. त्या सुमाराचा कागद आज जुनाच समजायचा.

प्रतवारी, मूल्यांकन आणि बोली

या तीन शब्दांची गल्लत फार होते. प्रतवारीचा अहवाल प्रयोगशाळा देते. हिरा नैसर्गिक आहे का, वजन किती, रंग, शुद्धता आणि काट (म्हणजे पैलू पाडण्याची पद्धत) कसा, एवढंच त्यात असतं. जीआयए (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) ही संस्था 1931 साली स्थापन झाली आणि आज जगभर वापरली जाणारी डी (रंगहीन) ते झेड (पिवळसर) ही रंगश्रेणी तिचीच. तिच्या अहवालात किंमत नसते. मूल्यांकन म्हणजे अशा माहितीवरून, ठरावीक उद्देशासाठी आणि ठरावीक तारखेला काढलेली किंमत. बोली म्हणजे समोरचा किती द्यायला तयार आहे तो आकडा. मावसभाऊ घेऊन आला ती बोली होती, आणि आम्ही सगळे तिला मूल्यांकन समजून बसलो होतो.

बोली लावणाऱ्यात गैर काही नाही, तो त्याचा धंदा आहे. पण जो विकत घेणार आहे त्यालाच किंमत विचारायची, हे मला पटत नाही. माणूस कितीही सचोटीचा असला तरी त्याचा फायदा तुमच्या तोट्यात आहे. मूल्यांकन करणारा असा हवा की अंगठी जास्तीची निघो की कमीची, त्याच्या खिशात तेवढेच पैसे पडतील. त्यामुळे त्याची फी नगावर किंवा तासावर ठरलेली असावी. किमतीच्या टक्क्यांत फी मागणाऱ्याकडे जाऊच नका, कारण आकडा फुगवण्यात त्याचा फायदा असतो. भेट ठरवतानाच सांगून टाका, "मी तुम्हाला हे विकणार नाही." यावर जो नाराज होतो, त्याचं काम तुमच्या कामाचं नव्हतं.

शिक्षण विचारायला संकोच करू नका. रत्नशास्त्रात जीआयएची 'जी.जी.' आणि ब्रिटनमधल्या जेम-ए या संस्थेची 'एफ.जी.ए.' या पदव्या जगभर ओळखल्या जातात. मात्र रत्न ओळखता येणं वेगळं आणि त्याची किंमत काढता येणं वेगळं. म्हणून मूल्यांकनाचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, आणि जुने दागिने नेहमी हाताखालून जातात का, हे दोन्ही विचारा. जुन्या दागिन्यांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच मोलाचा आहे.

घरातून निघण्यापूर्वी

दागिना घासूनपुसून लख्ख करून न्यावा असं वाटतं. करू नका. जुन्या काळी बंद पाठीच्या कोंदणात हिऱ्याखाली चकचकीत वर्ख ठेवायचे, चमक वाढावी म्हणून. पाणी आत शिरलं की वर्ख काळवंडतो आणि दागिन्याचा जीवच जातो. पाठ बंद आहे का ते उलटं करून बघा. असेल तर कोरड्या फडक्याने पुसण्यापलीकडे काही करू नका. पॉलिशही नको, कारण मागचे पुसट होत आलेले शिक्के आणि आकडे त्यात पार नाहीसे होतात. 750 म्हणजे 18 कॅरेट सोनं, 585 म्हणजे 14, 950 हा बहुधा प्लॅटिनमचा आकडा. शेजारी घडवणाऱ्याची खूण किंवा नाव असेल तर ते आणखी महत्त्वाचं. कार्तिए किंवा व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्ससारख्या नामांकित जवाहिऱ्यांच्या घराण्याचा अस्सल शिक्का असला, तर दागिन्याची किंमत त्यातल्या सोन्या-हिऱ्याच्या बेरजेच्या कितीतरी वर जाऊ शकते. असा दागिना मोडून हिरा वेगळा काढणं हे भरून न येणारं नुकसान आहे.

घरात जुनी बिलं, विम्याचे कागद, प्रयोगशाळेचा अहवाल असं काही आहे का ते धुंडाळा. कागद नसले तर फोटो शोधा. लग्नातल्या एखाद्या जुन्या फोटोत आजीच्या बोटात ती अंगठी दिसली, तर अंगठी किमान तेवढी जुनी आहे हे कळतं, आणि त्यावरून बरेच निष्कर्ष निघतात. नकली हिऱ्यांचाही इतिहास आहे ना! क्युबिक झिर्कोनिया बाजारात आला तो 1970च्या दशकात. मॉइसनाइट दागिन्यांत आलं 1990च्या दशकाच्या अखेरीस. 1940 सालच्या फोटोतल्या अंगठीत हे दोन्ही मुळात असूच शकत नाहीत. काच किंवा पांढरा नीलम मात्र असू शकतो. आणि मधल्या काळात खडा पडून दुसरा बसवलेला असू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

हिऱ्यावर फुंकर मारून वाफ किती लवकर उडते ते बघणं, काचेवर रेघ ओढणं, असले घरगुती प्रयोग सोडून द्या. काचेवर रेघ बऱ्याच नकली खड्यांनीही उमटते. आणि हिरा सगळ्यात कठीण असला तरी तो फुटत नाही हा गैरसमज आहे. विशिष्ट दिशेने घाव बसला तर त्याचा टवका उडतो.

भिंगाखाली

चांगला पारखी पहिल्यांदा किमतीबद्दल बोलतच नाही. समोर आहे ते काय आहे, हेच आधी ठरवतो. आम्ही मावशीची अंगठी ज्या बाईंकडे नेली, त्यांनी दहापट मोठं दाखवणारं भिंग माझ्याच हातात दिलं आणि म्हणाल्या, "मधोमध बघा." हिऱ्याच्या वरच्या सपाट पैलूतून खाली पाहिलं तर अगदी मध्यभागी एक छोटं वर्तुळ दिसत होतं, जणू कोणी टाचणीने भोक पाडलंय. हिऱ्याचं खालचं टोक आजच्यासारखं अणकुचीदार न ठेवता कापून सपाट केलेलं असलं की ते असं दिसतं. त्यावरून, आणि उंच माथ्यावरून, हा जुन्या युरोपीय पद्धतीचा काट आहे हे त्यांनी सांगितलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून 1930च्या आसपासपर्यंत गोल हिरे असेच कापत. 1919 मध्ये मार्सेल टोल्कोव्स्की यांनी प्रकाश जास्तीत जास्त परतून यावा म्हणून पैलूंचे कोन आणि प्रमाणं गणिताने मांडली. त्यानंतर हळूहळू आजचा गोल काट रूढ झाला.

हे कळल्याने फरक काय पडला? आजच्या मोजमापाने तो हिरा 'बेढब' ठरला असता. पण जुन्या काटाचे हिरे मुद्दाम शोधणारे ग्राहक असतात, कारण त्यांची चमक बारीक तुकड्यांत न विखुरता मोठ्या ठोकळ्यांत येते, मेणबत्तीच्या उजेडात तर फारच सुंदर. "नव्या पद्धतीने कापून घ्या, किंमत वाढेल" असा सल्ला कोणी दिला तर दोनदा विचार करा. पुन्हा कापताना वजन घटतं, आणि गेलेला जुनेपणा परत येत नाही.

मग पैलूंच्या कडा. हिऱ्याच्या कडा वर्षानुवर्षं वापरूनही सुरीसारख्या धारदार दिसतात. काच किंवा झिर्कोनियाच्या झिजून गोलसर होतात. मॉइसनाइटमध्ये तिरकं बघितलं की पाठीमागच्या कडा दुहेरी दिसतात. उष्णता तपासणारं पेनासारखं यंत्र बऱ्याच सराफांकडे असतं, पण साध्या यंत्राला मॉइसनाइटही हिराच वाटतं. आणि प्रयोगशाळेत बनवलेला हिरा तर प्रत्येक अर्थाने हिराच असतो, त्याला हे यंत्र वेगळं ओळखूच शकत नाही.

तो ओळखायचा कसा? जमिनीत घडलेल्या बहुतेक हिऱ्यांमध्ये नायट्रोजनचे अणू असतात आणि प्रचंड काळ उष्णतेत राहून ते एकमेकांजवळ गोळा झालेले असतात. काही आठवड्यांत बनवलेल्या हिऱ्यात सहसा तसं झालेलं नसतं. छाननीची यंत्रं हाच फरक हेरतात. मात्र ज्यांत नायट्रोजन जवळजवळ नसतोच असे नैसर्गिक हिरेही असतात, शेकड्यात एक-दोन. त्यांना 'टाइप टू-ए' म्हणतात. 1905 मध्ये सापडलेला 3,106 कॅरेटचा कलिनन याच जातीचा. असा हिरा आला की यंत्र 'पुढे तपासा' म्हणतं. त्याचा अर्थ हिरा नकली आहे असा होत नाही. तिथे घाबरून स्वस्तात देऊन टाकू नका, प्रयोगशाळेत पाठवा.

नैसर्गिक हिऱ्यावरही प्रक्रिया झालेली असू शकते: काळा डाग घालवायला लेझरने पाडलेलं बारीक भोक, किंवा भेगेत भरलेला काचेसारखा पदार्थ. दुसरा प्रकार किंमत चांगलीच पाडतो. हिरा हळूहळू फिरवला की भेगेत निळी-जांभळी झाक चमकून जाते, त्यावरून तो कळतो. अशा दागिन्याला सोनाराची ज्योत लागली तर भरलेलं सगळं खराब होतं, म्हणून दुरुस्तीपूर्वी हे माहीत असलेलं बरं.

कोंदणातला हिरा काढायचा की नाही

कोंदणात बसलेल्या हिऱ्याचं वजन करता येत नाही, ते मापांवरून काढतात. आजच्या गोल काटाच्या हिऱ्यासाठी सूत्र असं: मिलिमीटरमधला व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले 0.0061. व्यास 6.5 आणि खोली 3.9 असेल तर उत्तर येतं जवळपास 1 कॅरेट, म्हणजे 0.2 ग्रॅम. पण कोंदणात खोली नीट मोजता येत नाही, आणि जुन्या हिऱ्यांचं पोट कमीअधिक फुगीर असतं, त्यामुळे चूक वाढते. आमच्या अंगठीचा अंदाज आला 0.95 ते 1.04 कॅरेट. ऐकायला फरक क्षुल्लक वाटतो. पण हिऱ्याचा प्रतिकॅरेट भाव 1 कॅरेटचा उंबरा ओलांडला की उडी घेतो, तसाच अर्ध्या, दीड आणि दोन कॅरेटलाही. म्हणजे आमचा हिरा उंबऱ्याच्या अलीकडे की पलीकडे, यावर सगळं होतं.

रंगाचंही तसंच. पिवळ्या सोन्याची छटा हिऱ्यात उतरते, त्यामुळे बसवलेल्या हिऱ्याला प्रामाणिक पारखी एक अक्षर न देता 'जे ते एल' असा पल्ला देतो. कोंदणातल्या हिऱ्याबद्दल कोणी छातीठोकपणे एकच श्रेणी सांगितली, तर ती खात्री संशयास्पद समजा. जीआयएचा प्रतवारी-अहवाल तर सुट्या हिऱ्यालाच मिळतो.

म्हणून हिशेब असा करावा. हिरा एक कॅरेटच्या आसपास किंवा मोठा, दागिना साधा, घडवणाऱ्याचं नाव नाही, तर काढून प्रयोगशाळेत पाठवणं सहसा परवडतं. दागिना जुना, नाजूक, शिक्क्याचा असेल तर हात लावू नये. तिथे तो सगळा मिळूनच किमतीचा आहे. आणि बारीक हिऱ्यांनी भरलेल्या दागिन्यात प्रयोगशाळेची फीच जड होईल. तिथे खरी किंमत बहुतेक सोन्यात असते, हे आधीच मान्य केलेलं बरं.

हिरा बदलला जाईल ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते, आणि ती बोलून दाखवण्यात अपमान काही नाही. दागिना हातातून सोडण्यापूर्वी त्याच भिंगातून आतल्या खुणा स्वतः बघा. बाईंनी मला दाखवलं: कडेजवळ, एका नखीपाशी (नखी म्हणजे हिरा धरून ठेवणारा धातूचा आकडा), पिसासारखी एक बारीक भेग, आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर काळा ठिपका. मी ते वहीत गोल काढून टिपून ठेवलं. दोन हिऱ्यांत अशा खुणा सारख्या सापडत नाहीत. पावतीवर 'पांढरा खडा, पिवळा धातू' एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. मिलिमीटरमधली मापं, दागिन्याचं ग्रॅममधलं वजन आणि फोटो असू द्या.

हातात येणारा कागद

मूल्यांकनाच्या कागदावर उद्देश आणि किमतीचा प्रकार स्पष्ट शब्दांत हवा. तारीख, प्रत्येक मोठ्या खड्याची मापं, वजन तोलून घेतलंय की अंदाजाने, हिरा नैसर्गिक आहे का, प्रक्रिया झालीय का, धातूची शुद्धता, टवका-झीज, फोटो, आणि या वस्तूत आपला काही स्वार्थ नाही असं पारख्याचं सहीनिशी निवेदन. 'सुंदर पांढरा हिरा, उत्तम प्रत' अशा वर्णनावर लिहिलेल्या आकड्याला काही आधार नसतो. किंमत कुठून आली हेही विचारा. रॅपापोर्ट ही हिऱ्यांची भावयादी 1978 पासून निघते आणि व्यापारात तिचा दाखला सतत दिला जातो, पण ती विकणारे मागतात त्या चढ्या भावांची यादी आहे. प्रत्यक्ष सौदे सहसा तिच्यापेक्षा बरेच खाली होतात. शिवाय ती आधुनिक काटांची आहे, जुन्यांना जशीच्या तशी लागू होत नाही.

एवढं हातात आल्यावरच बोल्या घ्यायला निघावं, आणि किमान तीन घ्याव्यात. माझं मत असं की वर्णन दाखवावं, किंमत दाखवू नये. आकडा दाखवला की समोरचा तिथूनच खाली मोजायला लागतो. मोठी लिलावगृहं विक्रीसाठीचा प्राथमिक अंदाज बहुधा विनामूल्य देतात, पण त्यातून त्यांचं कमिशन वजा होतं. म्हणून हातात किती येणार, असंच विचारावं.

आमच्या हिऱ्याचं सुटं वजन 1.01 कॅरेट भरलं. रंग के, आणि नखीखाली एक टवका, जो अंगठीत दिसत नव्हता. तीन बोल्यांमध्ये सगळ्यात चांगली आली ती जुन्या काटाचे हिरे घेणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून. कागदावरच्या आकड्यापेक्षा ती खूपच खाली होती आणि त्या अर्ध्या मिनिटाच्या भावापेक्षा बरीच वर. द्यायच्या दिवशी मावसभावाने भिंग मागून घेतलं, वहीतलं माझं वेडंवाकडं चित्र शेजारी ठेवलं, पिसासारखी भेग आणि काळा ठिपका शोधला. मग म्हणाला, "हो, मावशीचाच आहे," आणि डबी पुढे सरकवली.